भाडेकरूंचा त्रास आहे पण फ्लॅटचा मालकच सापडत नाही, काय करायचं

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांत चार वेळा भाडेकरू बदलले. दर अकरा महिन्यांनी सामान उतरतं, नवीन सामान चढतं आणि पहिल्या दिवसापासून आमचं परत तेच सुरू होतं. रात्री दीडला फर्निचर सरकवणं, डक्टमध्ये कचरा, बाल्कनीतून पाणी, आणि शेवटच्या बॅचच्या वेळी तर आठवड्यातून तीन तीन रात्री स्पीकर. माझी आई बीपीची पेशंट आहे, तिची खोली बरोबर त्याच हॉलच्या खाली येते. प्रत्येक वेळी भांडायचं, दोन आठवडे शांतता, मग परत सुरू, आणि ते सुधारेपर्यंत त्यांचं ॲग्रीमेंट संपून नवीन लोक हजर. शेवटी डोक्यात आलं की आपण दर वेळी चुकीच्या माणसाशी बोलतोय, जो माणूस अकरा महिन्यांनी जाणार आहे त्याला शिकवून उपयोग काय, जो दर वर्षी कोणालातरी किल्ली देतोय त्याला गाठायला पाहिजे. पण तो कोण हे अख्ख्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं. खाली लॉबीतल्या बोर्डवर एक नाव होतं, त्या नावाच्या माणसाला कोणी दहा वर्षांत बघितलेलं नव्हतं.

मला मालक सापडायला जवळजवळ सात महिने लागले, त्यातले साडेपाच मी चुकीच्या ठिकाणी शोधण्यात घालवले. तुमचे ते वाचावेत म्हणून सगळं एका जागी लिहितेय. हे महाराष्ट्रापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात कागदांची नावं आणि कायदे वेगळे.

आधी एक गोष्ट करा जी मी सगळ्यात शेवटी केली. त्या घराची बेल वाजवा, भांडायला नाही, फक्त विचारायला, की तुमच्या मालकांचा नंबर मिळेल का. संध्याकाळी सात साडेसातला जा, आवाज चालू असताना जाऊ नका कारण तेव्हा दोन्हीकडची डोकी तापलेली असतात. मला वाटायचं ते कशाला देतील, पण बरेच भाडेकरू देतात, कारण त्यांच्याही तक्रारी असतात, गीझर चालत नाही, बाथरूम गळतंय, आणि मालक त्यांचाही फोन उचलत नाही. आमच्याकडे गळतीच्या वेळी नेमकं हेच निघालं. छतावर ओल आली म्हणून मी त्या मुलांवर चिडलेले, आणि ते बिचारे तीन महिने एजंटला सांगत होते की बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलंय. त्यांच्याकडेही मालकाचा नंबर नव्हता, भाडं एजंटने दिलेल्या खात्यावर जायचं. तर त्रास म्हणजे नेमकं काय आणि तो खरंच राहणाऱ्यांमुळे होतोय की घराच्या अवस्थेमुळे, हे आधी स्वतःशी नीट बघा. पाईप, वायरिंग, बाथरूमची गळती, ही मालकाची कामं आहेत, त्यासाठी भाडेकरूच्या दारात उभं राहून काही होत नाही.

इथे नाव मिळालं नाही तर पुढची जागा सोसायटीचं ऑफिस. बोर्डवरचं नाव धरून बसू नका, बोर्ड एकदा रंगवला की वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. सोसायटीकडे सभासदांच्या दोन नोंदवह्या असतात, आय रजिस्टर आणि जे रजिस्टर. आयमध्ये प्रत्येक सभासदाचा सविस्तर तपशील, पत्ता, शेअर्स वगैरे, आणि जे म्हणजे सभासदांची साधी यादी. तुम्ही स्वतः सभासद असाल तर सभासदांची नोंदवही बघण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० ने तुम्हाला दिलेला आहे, ही सेक्रेटरीने मेहरबानी म्हणून दाखवायची गोष्ट नाही. तुम्ही स्वतःच भाड्याने राहत असाल तर हा हक्क तुमच्या मालकाचा, म्हणून त्यांच्याकडून दोन ओळींचा मेल किंवा पत्र घ्या, ते बहुतेक वेळा लगेच देतात.

तोंडी विचारलं की उत्तर येतं "प्रायव्हसी आहे हो मॅडम, असं कसं देणार". मग लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारून एक कॉपी आपल्याकडे ठेवा. अर्जात मालकाचा मोबाईल नंबर मागूच नका, तिथेच सगळं अडतं. दोन गोष्टी मागा, एक म्हणजे अमुक फ्लॅटचा सभासद म्हणून कोणाचं नाव नोंदलंय ते दाखवा, आणि दुसरं म्हणजे माझी ही तक्रार सोसायटीमार्फत त्यांना पोचवा आणि पोचवल्याचं मला लेखी कळवा. दुसरं वाक्य फार कामाचं आहे, कारण मग नंबर न देताही कमिटीला काहीतरी करावंच लागतं. तरीही काहीच झालं नाही तर तुमच्या भागातल्या उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, पण तिथे वेळ जातो, म्हणून ते एका बाजूला चालू ठेवून बाकीचं थांबवू नका.

सेक्रेटरीपेक्षा खजिनदाराला जास्त माहिती असते हे मला खूप उशिरा कळलं. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर सोसायटी मेंटेनन्सच्या बिलात नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावते, सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, आणि ते बिल कोणीतरी भरत असतं. कोणाच्या खात्यातून येतं, बिल मेलने कुठे जातं, चेकवर सही कोणाची, यात खरा माणूस सापडतो. आमच्याकडे बोर्डवर नाव एकाचं, जे रजिस्टरलाही तेच, आणि मेंटेनन्स मात्र भलत्याच आडनावाच्या खात्यातून यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मधे घराचा मालक बदललेला आहे आणि सोसायटीला कोणी कळवलंच नाही. भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही पण कळवावं लागतं, उपविधींप्रमाणे म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे ॲग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची कॉपी सोसायटीत द्यायची असते. ती फाईल मागितली तर आमच्याकडे २०१७ नंतरचा एकही कागद नव्हता. तुमच्याकडे असेल तर तिथेच काम संपतं, ॲग्रीमेंटच्या पहिल्या पानावर मालकाचं नाव आणि पत्ता दोन्ही असतं.

आता मुख्य गोष्ट. इंडेक्स टू. मराठीत सूची क्रमांक दोन. घर विकलं, बक्षीस दिलं, भाड्याने दिलं आणि त्याचा दस्त नोंदवला की त्याचा एक पानाचा गोषवारा तयार होतो, त्यात दस्ताचा प्रकार, मिळकतीचं वर्णन, लिहून देणाऱ्याचं आणि लिहून घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता, तारीख, दस्त क्रमांक हे सगळं असतं. हा गुप्त कागद नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे मिळकतीच्या दस्तांची सूची कोणालाही बघता येते, त्यासाठी तुम्ही त्या व्यवहारातले कोणी असायची गरज नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर ई सर्च म्हणून सोय आहे, त्यात मोफत शोधही आहे. मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि उरलेल्या महाराष्ट्राचे २००२ पासूनचे तिथे शोधता येतात.

आणि इथेच लोक दोन दिवस प्रयत्न करून सोडून देतात, मीही सोडलं होतं. कारणं सांगते. पहिलं म्हणजे तिथे सोसायटीचं नाव टाकून शोध होत नाही, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकावा लागतो. गाव म्हणजे महसुली गाव, तुम्ही पत्त्यात जे लिहिता ते नाही. पवईला हिरानंदानीत राहणारा माणूस पवई टाकून शोधतो आणि काही सापडत नाही, कारण तिथल्या काही इमारती तिरंदाज गावच्या हद्दीत आहेत. तुमचं गाव कुठलं ते तुमच्या स्वतःच्या खरेदीखतात बघा, वरच्या फ्लॅटचंही तेच असणार. दुसरं, मिळकत क्रमांकाच्या जागी काय टाकायचं. दस्त नोंदवताना ज्याने जसं टाईप केलं तसं ते साठवलंय, कोणी सर्व्हे नंबर टाकलाय, कोणी सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, कोणी प्लॉट नंबर, कोणी नुसता फ्लॅट नंबर. म्हणून एकाच वर्षासाठी चारही टाकून बघावे लागतात. सर्व्हे नंबर ५४/२/१ असेल तर नुसतं ५४ टाका, मग यादी मोठी येते पण त्यात तुमची बिल्डिंग सापडते. तिसरं, वर्ष एकेक करूनच बघावं लागतं, आणि कॅप्चा कधी कधी दोनदा टाकावा लागतो, पहिल्यांदा काही आलं नाही म्हणजे माहिती नाही असं नसतं. रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर साईट बरी चालते.

आता युक्ती अशी की बहुतेक जण खरेदीखत शोधायला जातात, फ्लॅट कधी विकला गेला ते माहीत नसतं म्हणून वीस वर्षं चाळत बसतात. तसं करू नका. फ्लॅट भाड्याने दिलेला आहे ना, मग गेल्या दोन वर्षांतले लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेकराराचे दस्त शोधा. दस्ताच्या प्रकारात ३६ अ लिव्ह अँड लायसन्सेस असं दिसतं. त्यात लिहून देणार म्हणजे आत्ताचा मालक, आणि लिहून घेणार म्हणजे भाडेकरू. मालकाचा आत्ताचा पत्ताही बहुतेक वेळा यातच मिळतो, कारण ॲग्रीमेंट हल्लीच झालेलं असतं. खरेदीखतात किंवा बक्षीसपत्रात पुष्कळदा पत्ता म्हणून त्याच फ्लॅटचा नंबर लिहिलेला असतो, त्याचा आपल्याला काय उपयोग, तिथे तर भाडेकरू राहतोय.

माझ्याबाबतीत हेच झालं. आधी शोधत शोधत मागे गेले तर २००९ चं खरेदीखत मिळालं बोर्डवरच्या गृहस्थांच्या नावाचं, मग २०१६ चं बक्षीसपत्र, त्यांनी मुलीला दिलेलं, तिचं आडनाव लग्नानंतरचं म्हणून कोणाला ओळखता आलं नाही, आणि पत्ता तोच आमच्या बिल्डिंगचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आणि मग सहज चालू वर्षाचे भाड्याचे दस्त उघडले तर दहा मिनिटांत तिचं नाव आणि दुसऱ्या शहरातला पूर्ण पत्ता समोर. आणि लिहून घेणार म्हणून दोन नावं. वर राहत होते सात जण.

ॲग्रीमेंट नोंदवलेलंच नसेल तर अर्थातच यात काही दिसणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ते लेखी आणि नोंदवलेलं असणं बंधनकारक केलंय आणि जबाबदारी मालकावर टाकलीय, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात असंही आहे की नोंदवलेला करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही. काही मालक फोनच का उचलत नाहीत याचं कारण मला वाटतं इथे आहे, त्यांच्याकडे कागद नसतो आणि भाडेकरूला काही बोलायची त्यांना भीती वाटते. असा मालक सापडला तर त्याला धमकावू नका, उलट कागद करून घेणं त्याच्याच फायद्याचं कसं आहे ते सांगा.

इंडेक्स टूमध्ये न दिसणारी अजून एक परिस्थिती म्हणजे मालक वारला आणि वारसांनी काहीच नोंदवलं नाही. मृत्यूनंतर घर आपोआप वारसांकडे जातं तेव्हा दस्त होत नाही, म्हणून शोधात जुनंच नाव येत राहतं. अशा वेळी सोसायटीकडे नॉमिनेशनची नोंद असते, नॉमिनी म्हणजे मालकच असं नव्हे पण निदान बोलायला एक माणूस मिळतो. हक्कसोडपत्र झालं असेल तर ते मात्र नोंदवलेलं असतं, ते शोधून बघा. परदेशातला मालक असेल तर दस्तात कुलमुखत्यार म्हणून दुसऱ्याचं नाव येतं, तुमचं पत्र त्या दोघांनाही गेलं पाहिजे, कारण किल्ली मुखत्याराकडे असते आणि निर्णय मालकाचा. नवीन बिल्डिंग असेल आणि कुठेच विक्रीचा दस्त नसेल तर फ्लॅट बिल्डरच्याच ताब्यात असण्याची शक्यता धरा, महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साईटवर प्रोजेक्ट शोधून प्रवर्तकाचं म्हणजे बिल्डरचं नाव पत्ता मिळतो.

सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डवर फ्लॅटचा मालक शोधायला जाऊ नका. मी महिनाभर हेच करत होते. ते जमिनीचे कागद आहेत, इमारतीच्या जागेवर तिथे मूळ जमीनमालक किंवा बिल्डर किंवा कन्व्हेयन्स झालं म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली असेल तर सोसायटी, एवढंच दिसतं. पण त्रास देणारे भाडेकरू बंगल्यात, रो हाऊसमध्ये किंवा स्वतंत्र घरात असतील तर मात्र तेच पहिलं बघायचं. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर सातबारा, दोन्ही महाभूमीच्या साईटवर मिळतात. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, त्यात मालक आणि भोगवटादार अशी दोन वेगळी नावं असतात. तलाठ्याकडचा आठ अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा, ग्रामपंचायतीत जाऊन "आठचा उतारा" म्हणून नीट सांगा.

घरपट्टीचा मार्ग शहरागणिक वेगळा. पुण्यात घरपट्टी प्रत्येक फ्लॅटची वेगळी येते त्यामुळे त्यावर नाव असतं, मुंबईत बऱ्याच सोसायट्यांना अख्ख्या इमारतीचं एकच बिल येतं, तिथे काही हाती लागत नाही. आणि घरपट्टीवरचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नाही, लोक घर विकत घेतात आणि वर्षानुवर्षं नाव बदलत नाहीत. वीजबिलाचंही तसंच, बिल्डरचं नाव पंधरा वर्षांनी सुद्धा असतं. शिवाय दुसऱ्याच्या पेटीतलं बिल काढून बघणं हे करू नका, मनात येतं खरं, पण ते चुकीचं आहे आणि पुढे तुमचीच बाजू लंगडी होते. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत तीस दिवस, पण व्यक्तीची खाजगी माहिती म्हणून कलम ८ खाली नकार येऊ शकतो, इंडेक्स टू असताना त्या वाटेला जायची मला तरी गरज वाटत नाही.

पोलिसांबद्दल लोकांची एक चुकीची समजूत आहे, की भाडेकरूची नोंद पोलिसात असते म्हणजे तिथे जाऊन मालकाचा नंबर मिळेल. पोलीस शेजाऱ्याला नंबर देत नाहीत आणि देऊही नये. पण ते स्वतः मालकाला फोन करू शकतात, आणि हेच जास्त परिणामकारक आहे. लेखी तक्रार द्या, त्यात मालकाचा पत्ता माहीत नाही, भाडेकरू नोंदणीतून मालकाशी संपर्क करावा अशी विनंती असं स्पष्ट लिहा, आणि पोच घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा आदेश तुमच्या शहरात लागू असेल आणि मालकाने ती दिली नसेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली अडकू शकतो, पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं १८८ होतं. रात्रीचा आवाज असेल तर त्याच वेळी ११२ ला फोन करा, दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून चालेल असं समजू नका, पण तारीख आणि वेळ टिपायला तो चांगला.

कंपनीने घेतलेला फ्लॅट किंवा कोणीतरी भाड्याने घेऊन पीजी चालवतोय अशी केस असेल तर मधे अजून एक माणूस आलेला असतो. राहणारे वेगळे, करार करणारा वेगळा, मालक तिसरा. तेव्हा मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की पुढे दुसऱ्याला द्यायला तुम्ही परवानगी दिलीय का. बहुतेक करारांत पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं असतं आणि मालकाला हे चाललंय याची कल्पनाच नसते.

नाव पत्ता मिळाल्यावर काय करायचं यात माझ्या ओळखीतल्या दोघांनी घाई करून वाट लावली. एकाने मालकाचं नाव आणि पत्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यावर चाळीस जणांनी जे सुचेल ते लिहिलं, आणि मालकाने वकिलाची नोटीस पाठवली. दुसऱ्याने रागाच्या भरात पहिल्याच फोनवर "तुमच्या लोकांना हाकला" सुरू केलं, समोरच्याने फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक. मिळालेली माहिती फक्त पत्र पाठवायला वापरा, पुढे फिरवू नका.

पत्र साधं लिहा, एक पान. मी कोण, कुठल्या फ्लॅटमध्ये, तुमचं नाव मला नोंदणी विभागाच्या सूचीतून मिळालं हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, म्हणजे नाव कुठून मिळालं या शंकेत पुढचं सगळं जात नाही. मग घटना, तारखेसह, किती वाजता काय झालं. मी नऊ घटना लिहिल्या होत्या सहा आठवड्यांतल्या. विशेषणं काढून टाकली, "बेजबाबदार" "उद्धट" वगैरे सगळं पहिल्या मसुद्यात होतं, एका रात्रीनंतर वाचलं आणि खोडलं. त्यानंतर आपण काय काय केलं ते, आणि शेवटी नेमकं काय हवंय. माझ्या पत्रात तीन गोष्टी होत्या: करारात जेवढी नावं आहेत तेवढेच लोक राहावेत, रात्री दहानंतर आवाज बंद, आणि तुमचा एक संपर्क क्रमांक सोसायटीकडे नोंदवा. घर खाली करा असं लिहिलं नाही. मालकाकडे तुमच्यापेक्षा जास्त चाव्या असतात, करारात शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये असं कलम बहुतेक वेळा असतंच, डिपॉझिट त्याच्याकडे असतं, नोटिशीची मुदत लिहिलेली असते, कुठली वापरायची ते त्याला ठरवू द्या. आणि पाणी तोडा, वीज तोडा असं कधीही सुचवू नका, अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे, सोसायटीनेही अशा भानगडीत पडू नये.

पाठवताना पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तिथे रजिस्ट्रेशनची सोय मागून घ्या म्हणजे पत्र त्याच माणसाच्या हातात पडतं. पत्र परत आलं तर पाकीट फोडू नका, तसंच ठेवा, पुढे उपनिबंधक किंवा पोलिसांना दाखवायला ते लागतं की आम्ही प्रयत्न केला होता. आणि एक प्रत कमिटीला द्या.

पंधरा वीस दिवसांत काहीच उत्तर नाही आणि त्रास खरोखर गंभीर आहे, एकट्या तुम्हालाच नाही तर तीन चार घरांना आहे, तर सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन करा. सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो थांबवायचा आदेश देऊ शकतात, आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ होतं. एका घराला त्रास म्हणजे सार्वजनिक उपद्रव होत नाही, म्हणून सह्या महत्त्वाच्या. त्याच्याही पुढे दिवाणी कोर्ट आहे, पण तिथवर जायच्या आधी वकिलाला एकदा कागद दाखवा.

माझं पत्र गेल्यावर नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. त्यांना एजंटने सांगितलं होतं की नोकरी करणारे दोन भाऊ राहतात. वडिलांनी दिलेलं घर, त्या आठ वर्षांत आत पाऊल टाकू शकल्या नव्हत्या कारण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सगळं एजंटवर सोडलेलं, आणि जादा पाच जणांचे पैसे कुठे जात होते ते त्यांना माझ्याकडून कळलं. मी चार वर्षं मनात ज्या मालकाला शिव्या देत होते ती ही बाई. दोन आठवड्यांनी त्या स्वतः आल्या, मुलांशी बोलल्या, पाच जणांना महिन्याची मुदत देऊन दुसरी जागा बघायला सांगितली, ज्यांची नावं करारात होती ते दोघं राहिले. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्याच महिन्यात झालं, माझ्या आईच्या खोलीचं छत रंगवायचे अर्धे पैसे त्यांनी आग्रहाने दिले. सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज भरला, बोर्डवरचं नाव बदललं. आता नवीन करार झाला की त्याची कॉपी त्या स्वतः सेक्रेटरीला मेल करतात आणि मला एक मेसेज येतो, कोण येतंय आणि कधी येतंय.